गोधडीचे टाके: हातानं घालायचे की मशिनवर?

तुकडे जोडून वरचा थर तयार झाला. खाली अस्तर पसरलं, त्यावर भरण अंथरलं आणि सगळ्यांत वर तो देखणा थर ठेवला. आता तिन्ही थरांतून आरपार टाके घालून त्यांना एकत्र बांधायचं. यालाच क्विल्टिंग म्हणतात. बहुतेकांचं काम इथंच अडतं. तुकडे जोडताना रोज काहीतरी नवं दिसत असतं, त्यामुळे हातातलं काम सुटत नाही. आरपार टाक्यांचं काम लांबलचक असतं. ते हातानं करायचं की मशिनवर, हे ठरत नाही तोवर वरचा थर घडी होऊन कपाटात जातो. माझ्या कपाटात एके काळी असे सात थर होते. सगळ्यांत जुना सहा वर्षांपूर्वी जोडलेला.

त्या सातांपैकी पाच मी मशिनवर पुरे केले, दोन हातानं. तेव्हा माझा कल आधीच सांगून ठेवते: रोज अंगावर घ्यायच्या, पुन्हा पुन्हा धुवायच्या गोधडीसाठी मी मशिनच्या बाजूची आहे. हातशिलाईवर माझं प्रेम आहे. पण ज्यांच्या वाट्याला दिवसाचा जेमतेम एक मोकळा तास येतो आणि ज्यांना गोधडी खरोखर वापरात यायला हवी आहे, त्यांना मी मशीनच सुचवते. मात्र काही ठिकाणी अजिबात सुचवत नाही, आणि तीही ठिकाणं पुढे येतीलच.

‘क्विल्टिंग मशीन’ म्हणजे नेमकं कोणतं?

या एका नावाखाली तीन-चार अगदी वेगळ्या वस्तू येतात, आणि तुलना फसते ती बहुधा इथेच.

पहिलं म्हणजे आपलं नेहमीचं घरगुती शिलाई मशीन. त्यावर गोधडीला टाके घालता येतात, फक्त फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा मशिनचा पाय, बदलावा लागतो. साध्या फूटखाली कापड सरकवणारे मशिनचे दाते अस्तराला पुढे नेतात, वरचा थर मागे रेंगाळतो आणि शेवटी चुण्या पडतात. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात. तो वरचं कापडही खालच्याच चालीनं सरकवतो, म्हणून सरळ रेघा स्वच्छ येतात. वळणाची नक्षी हवी असेल तर मशिनचे दाते खाली पाडायचे, डार्निंग फूट लावायचा आणि कापड दोन्ही हातांनी हवं तसं फिरवायचं. याला फ्री-मोशन म्हणतात. घरगुती मशिनची अडचण एकच, पण मोठी: सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यातली जागा, म्हणजे मशिनचा गळा, साधारण ६ ते ८ इंचांचा असतो. पलंगभर गोधडीचा गुंडाळा त्यातूनच पुढे-मागे जायला हवा.

दुसरा प्रकार मोठ्या गळ्याच्या सरळ टाक्याच्या मशिनचा. गळा ९ ते ११ इंच आणि वेग मिनिटाला १५०० टाक्यांच्या आसपास. घरगुती मशीन बहुधा ८०० ते १००० टाक्यांपर्यंत जातं. हे मशीन झिगझॅग वगैरे करत नाही, त्याला सरळ टाकाच येतो, पण तो ते फार नेटका घालतं.

तिसरं लाँगआर्म. इथे सगळा प्रकार उलटा होतो. कापड १० ते १२ फुटांच्या फ्रेमवर रोलरना ताणून बसवलेलं असतं, आणि हँडल धरून मशीनच त्याच्यावरून फिरवायचं. गळा १८ ते ३० इंच. चांगल्या लाँगआर्मला स्टिच रेग्युलेटर असतो: मशीन किती वेगानं सरकतंय हे तो मोजतो आणि त्याप्रमाणे सुईची गती कमी-जास्त करतो, त्यामुळे हात थबकला किंवा धावला तरी टाक्याची लांबी बदलत नाही. कॉम्प्युटर जोडला तर मशीन नक्षीही आपली आपण काढतं. याचंच एक बैठं रूपही मिळतं. त्यात मशीन टेबलात बसवलेलं असतं आणि त्याच्या मोठ्या गळ्यात कापड आपण फिरवतो. खोली लहान असेल तर ते जास्त सोयीचं.

गाद्यांची आवरणं शिवणारी अनेक सुयांची कारखान्यातली मशिनंही याच नावानं ओळखली जातात. शोधताना ती समोर आली तर सोडून द्या.

लाँगआर्मबद्दल एक गोष्ट नवशिक्यांना कुणी सांगत नाही. ते विकत घ्यावं लागत नाही. लाँगआर्म असलेले अनेक जण दुसऱ्यांच्या गोधड्यांना टाके घालून देतात आणि क्षेत्रफळावर मोबदला घेतात. म्हणजे ‘हातानं की मशिनवर’ या प्रश्नाला ‘मशिनवर, पण माझ्या नाही’ असंही उत्तर आहे. तसं करणार असाल तर अस्तर आणि भरण चारही बाजूंनी साधारण ४ इंच जास्त ठेवा. रोलरला पकडायला आणि बाजूचे चिमटे लावायला तेवढं लागतंच.

तासांचा हिशेब

‘मशीन वेगवान’ एवढं म्हणून भागत नाही, किती ते पाहायला हवं. ६० × ८० इंचांची एक गोधडी घेऊ आणि तिच्यावर दोन-दोन इंचांच्या अंतरानं उभ्या-आडव्या रेघा, म्हणजे साध्या चौकटी. उभ्या सुमारे ३० रेघा, प्रत्येकी ८० इंच. आडव्या सुमारे ४०, प्रत्येकी ६० इंच. दोन्ही मिळून ४८०० इंच, म्हणजे ४०० फूट शिलाई.

मशिनवर टाका २.५ मिलिमीटरचा ठेवला तर इंचाला सुमारे १० टाके बसतात. एकूण ४८,००० टाके. मिनिटाला ६०० अशा सावकाश वेगानंही सुई फक्त ८० मिनिटं चालते. प्रत्यक्षात गुंडाळा सोडणं, फिरवणं, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळ) बदलणं आणि दोऱ्यांची टोकं आत घेणं यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. असं काम मला सुट्टीचे दोन दिवस पुरतं.

हातानं इंचाला ८ टाके धरले तर ३८,४०० टाके होतात. तासाला ५ फूट हा माझा वेग. तुमचा जास्त असेल, सुरुवातीला कदाचित कमी. या वेगानं ८० तास लागतात. रोज एक तास आणि आठवड्याचे चार दिवस असं धरलं तर २० आठवडे. शिवाय हातशिलाईचा दोरा १८ इंचांपेक्षा लांब घेतला की तो गुंततो आणि झिजतो. त्यातले १५ इंच कामी येतात असं धरलं, तरी सुईत ३२० वेळा दोरा ओवावा लागतो आणि ३२० वेळा गाठ आत ओढावी लागते.

हे आकडे कुणाला घाबरवायला मांडलेले नाहीत. पाच महिने रोज संध्याकाळी तासभर मांडीवर असं काम घेऊन बसणं कुणाला हवंहवंसं वाटेल, कुणाला नकोसं. दोन्ही माणसं खरी आहेत. निर्णय घेण्याआधी आपण त्यांतले कोण, एवढं ओळखायला हवं.

हातानं करणाऱ्यांसाठी मात्र या हिशेबात एक मोठी पळवाट आहे. रेघांमधलं अंतर २ ऐवजी ४ इंच केलं की शिलाई थेट निम्मी होते. ते चालेल की नाही, हे भरण ठरवतं. टाके जास्तीत जास्त किती अंतरावर असावेत, हे भरणाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. काही भरणं ८ ते १० इंचांपर्यंतचं अंतर सोसतात. सुट्या कापसाचं पातळ भरण मात्र जवळजवळ टाके मागतं, नाहीतर धुण्यात सरकतं आणि त्याच्या गोळ्या होतात. हातानं करायचं ठरलं की भरण घेताना आधी हा आकडा वाचा.

मशिनच्या वेगाचं कौतुक करताना एक काम सगळे विसरतात: थर टाचणं. घरगुती मशिनवर शिवायच्या गोधडीला दर ४ इंचांवर एक सेफ्टी पिन लावायची म्हटलं तर वरच्या मापाला ३०० पिना लागतात. हातानं करायच्या गोधडीलाही तसेच सगळीकडे कच्चे टाके घालावे लागतात. इथे दोन्ही बाजू सारख्याच. या जमिनीवरच्या कामातून सुटका फक्त लाँगआर्मवर होते, कारण तिथे थर फ्रेमवरच एकावर एक ताणले जातात. माझ्या मते लाँगआर्मवाल्याला काम देण्याचं हेच सगळ्यांत मोठं सुख आहे.

दोन टाक्यांचा स्वभाव

आता खरा फरक. हातचा टाका म्हणजे धावदोरा. एकच दोरा तिन्ही थरांतून वर-खाली जातो, म्हणून वरून पाहिलं तर टाका, मोकळी जागा, पुन्हा टाका अशी तुटक रेघ दिसते. मशिनचा टाका दोन दोऱ्यांचा. वरचा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघं भरणाच्या आत एकमेकांत अडकतात. दोन्ही बाजूंना सलग रेघ उमटते, आणि ती तुटक रेघेपेक्षा कापडाला जास्त घट्ट दाबून धरते.

हातशिलाईची गोधडी अंगावर पडते तेव्हा जो मऊपणा जाणवतो, तो या तुटकपणातून येतो. टाक्या-टाक्यांमध्ये कापड मोकळं राहतं, वाकतं. मशिनच्या सलग रेघेवर गोधडी घडीसारखी मोडते. हा फरक खरा आहे आणि मशिनच्या बाजूनं बोलताना मी तो लपवणार नाही.

पण ताठ गोधडीचा दोष बहुतेक वेळा मशिनपेक्षा टाक्यांच्या दाटीचा असतो. मशिनवर शिवणं इतकं सोपं होतं की थांबावंसं वाटत नाही. पाव-पाव इंचावर रेघा मारल्या की गोधडीचा पुठ्ठा होतो. माझी मशिनवरची पहिली गोधडी तशीच झाली. भिंतीवर सुरेख दिसायची, पण पांघरायला कुणी घेतली नाही. पुढच्या गोधडीत मी रेघांमध्ये अडीच इंच ठेवले, ५० नंबरचा बारीक सुती दोरा वापरला आणि सुती भरण घेतलं. सुती भरण पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं आणि सगळीकडे जुन्या गोधडीसारख्या बारीक सुरकुत्या येतात. तीन धुण्यांनंतर ती आणि हातानं केलेली गोधडी शेजारी ठेवल्या. हात फिरवला की फरक कळत होता. पांघरून झोपल्यावर मला कळला नाही.

(दोऱ्याचे नंबर उलटे चालतात: ५० नंबर ४० पेक्षा बारीक. आणि एक सावधगिरी. हातशिलाईसाठी मिळणाऱ्या चकचकीत दोऱ्यावर लेप दिलेला असतो. तो दोरा मशिनला लावू नका. लेप मशिनमधल्या, दोऱ्याचा ताण राखणाऱ्या चकत्यांवर चिकटतो आणि मग ताण काही केल्या जमत नाही.)

कापडाचाही विचार करा. दाट विणीचं कापड, उदाहरणार्थ बाटिक किंवा गुळगुळीत भारी चादरीचं, हाताच्या सुईला फार चिवट लागतं. अनेक तुकडे एकत्र येतात त्या जाड सांध्यांवर तर सुई अडकूनच बसते. मशीन या दोन्हींतून सहज जातं. जाळीचा पातळ आधार बसवलेली काही भरणंही हाताला त्रास देतात आणि मशिनला चालतात. उलट लोकरीचं भरण आणि मऊ विणीचं सुती कापड हाताच्या सुईला लोण्यासारखं लागतं. म्हणजे वरचा थर आधीच जोडून तयार असेल, तर अर्धा निर्णय तुमच्या कापडानं घेऊन टाकलेला असतो. एका कोपऱ्यात सुई घालून पाहा, तो काय म्हणतो ते लगेच कळतं.

हातशिलाई शिकायला अवघड आहे का? अवघड नाही, पण तिला वेळ द्यावा लागतो. सुई आखूड असते, ९ किंवा १० नंबरची ‘बिटवीन’, आणि नंबर जितका मोठा तितकी सुई छोटी. मधल्या बोटात अंगुस्तान घालायचं, सुई उभी खुपसायची, खालच्या हाताच्या बोटाला टोक लागताच ते वर ढकलायचं आणि सुई आडवी करायची. असे तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढायचा. सुरुवातीला इंचाला ५-६ टाके येतात, सराव झाल्यावर ८-१०. फार कुशल हात १२ पर्यंत जातात. संख्येपेक्षा सारखेपणा पाहा. एकसारखे पाच टाके वेडेवाकडे आलेल्या दहांपेक्षा कितीतरी छान दिसतात.

मशिनवरच्या फ्री-मोशनला सराव याहून कमी लागतो असं मात्र समजू नका. तिथे पायाखालचा वेग आणि हातांची चाल यांचा मेळ बसवावा लागतो, आणि तो बसेपर्यंत टाके कुठे मिलिमीटरभर तर कुठे पाच मिलिमीटरचे पडतात. लवकर जमतं ते वॉकिंग फूटनं सरळ रेघा मारणं. पहिली गोधडी तशीच करा.

नक्षी कोणती हवी आहे?

मशिनला सलग रेघ आवडते. एकदा सुरू झालं की थांबू नये, अशी त्याची इच्छा असते. एखाद्या गोधडीवर सुटी सुटी ४० फुलं काढायची आहेत असं समजा. प्रत्येक फुलाला एक सुरुवात, एक शेवट, आणि दोन्ही ठिकाणी वरचा-खालचा असे दोन दोरे. झाली १६० टोकं. ती गाठ मारून सुईनं भरणात घ्यायची. तेवढ्यात मशीन जिंकून दिलेला वेळ परत घेतं. म्हणून मशिनवरच्या नक्ष्या नागमोडी, वेलीच्या, भोवऱ्यांच्या, एका टोकाकडून दुसरीकडे न तुटता जाणाऱ्या असतात.

हातात सुई असेल तर एका पाकळीवरून शेजारच्या पाकळीकडे भरणाच्या आतून गुपचूप जाता येतं. खाली-वर काही दिसत नाही. सुटी फुलं, पिसं, अक्षरं, एखाद्या मुलाच्या हाताचा ठसा, तुकड्याच्या कडेला पाव इंच सोडून घातलेला टाका, हे सगळं हातानं करण्यात मजा आहे. पार्श्वभूमीवर तांदळाएवढ्या गोलांची दाट नक्षी करायची असेल तर मात्र मशीनच. हातानं ती करायला घेतलेली पुरी होईपर्यंत डोळे आणि मनगट दोन्ही थकतात.

धुणं, टिकणं, उसवणं

हातचे टाके कच्चे असतात हा समज चुकीचा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सिसिलीत शिवलेली एक लिननची गोधडी आहे, ट्रिस्टन या युरोपीय दंतकथेतल्या वीराच्या कथेतली दृश्यं टाक्यांनी उठवलेली. ती १४व्या शतकाच्या उत्तरार्धातली. सहाशेहून अधिक वर्षं ते हाताचे टाके टिकले आहेत.

ती जपून ठेवली गेली, आणि तुमची गोधडी दर आठवड्याला धुण्याच्या मशिनमध्ये जाणार असेल, तर गणित बदलतं. धावदोऱ्यात दोरा एका जागी तुटला की शेजारचे टाकेही सैल पडू लागतात. मशिनचा टाका जागच्या जागी अडकलेला असतो. एक तुटला तरी शेजारचे बराच काळ धरून राहतात. लहान मुलांची, पाळीव प्राण्यांची, सोफ्यावरची, प्रवासातली गोधडी मशिनवर करा, असं मी ठामपणे सांगते ते यामुळे. हातच्या गोधडीची दुरुस्ती मात्र सोपी: सुई-दोरा घ्यायचा आणि आहे त्याच रेघेवर पुन्हा टाके घालायचे. दोन दिवसांनी जोड कुठे आहे तेही सापडत नाही.

उसवण्याच्या बाबतीत हात सरळ जिंकतो. हाताचा चुकलेला टाका सुईच्या मागच्या टोकानं ओढला की निघतो. मशिनवर एका मिनिटात घातलेली दाट नक्षी उसवायला तासही लागतो. त्यात चूक कळते उशिरा. वळणावर कापड घाईनं ओढलं गेलं तर अस्तराच्या बाजूला वरचा दोरा पापण्यांसारखा बाहेर येतो, आणि गोधडी उलटी करेपर्यंत काहीच दिसत नाही. अस्तरात चुणी शिवली गेली तरी तेच. हातानं शिवताना खालचा हात सतत अस्तराला लागलेला असतो, त्यामुळे चुणी पडायच्या आत बोटांना कळते. मशिनवर काम करायचं तर त्याच कापडाचा, त्याच भरणाचा फूटभर तुकडा जवळ ठेवा. दर वेळी दोरा किंवा बॉबिन बदलली की आधी त्याच्यावर दोन रेघा मारा आणि उलटून पाहा. सुई ७५/११ किंवा ९०/१४ ठेवा आणि शिवणाच्या साधारण ८ तासांनी बदला. बोथट सुईचा दोष लोक उगाच ताणावर घालतात.

शरीर काय म्हणतं

हातशिलाई अंगठा, मनगट आणि खालच्या हाताच्या बोटांवर येते. सांधे दुखणाऱ्यांनी किंवा बोटांना मुंग्या येणाऱ्यांनी ८० तासांचं काम अंगावर घेण्याआधी खरोखर विचार करावा. माझ्या ओळखीत दोघींनी हातशिलाई सोडली ती हातांमुळे, आणि मशीन नसतं तर गोधड्याच सुटल्या असत्या. घरगुती मशीन खांद्यांवर आणि मानेवर येतं, कारण जड गोधडी टेबलावरून खाली लोंबली की तिचं सगळं वजन तुम्ही ओढत असता. डाव्या बाजूला आणि मागे आणखी एक टेबल लावून गोधडी टेकवली की निम्मा त्रास कमी होतो. लाँगआर्मवर उभं राहून काम करावं लागतं. पाठीला ते बरं पडतं, पण पाय बोलतात.

हातशिलाईला कापड ताणून धरायची १४ इंचांची रिंग, सुई, दोरा आणि उजेड एवढंच लागतं. आवाज नाही. दवाखान्याच्या बाकावर, झोपलेल्या बाळाशेजारी, गप्पा मारता मारता ती होते. मशिनला टेबल, वीज आणि अखंड तास हवेत. दिवसाचे वीस-वीस मिनिटांचे तुकडेच मिळत असतील, तर मशीन मांडून आवरण्यातच वेळ जातो आणि हातचं काम आश्चर्य वाटेल इतकं पुढे सरकतं.

‘मशिनवरची म्हणजे खरी नव्हे’

हे वाक्य अजून ऐकू येतं आणि मला त्याचा राग येतो. एलियास हॉवे यांना अमेरिकेत शिलाई मशिनचं पेटंट मिळालं १८४६ साली, आणि मशीन घरोघरी पोचू लागल्यावर लगेच बायकांनी गोधड्यांवर ते वापरलं. त्या काळातल्या काही गोधड्यांवर मशिनचे टाके मुद्दाम दिसतील असे घातलेले आहेत, कारण घरात मशीन असणं ही मिरवायची गोष्ट होती. प्रदर्शनांमध्ये मात्र हातशिलाईचाच मान राहिला. १९८९ मध्ये केंटकीतल्या पदुका इथल्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या गोधडीला सर्वोत्कृष्ट ठरवलं गेलं. त्या प्रदर्शनात मशिनच्या टाक्यांची गोधडी पहिली येण्याची ती पहिलीच वेळ. त्यावर वादही झाला, पण तो सन्मान तिच्याकडेच राहिला. फ्री-मोशनमध्ये हातांनी कापड फिरवताना एकेक वळण ज्यांनी साधलं आहे, त्यांना त्यात हात किती असतो हे सांगावं लागत नाही.

मधल्या वाटा

दोन्हींची सांगड घालणं मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं, आणि ते करणारे कमी भेटतात. तुकड्यांच्या सांध्याच्या खाचेत मशिनवर सरळ शिलाई मारायची. ती दिसतही नाही आणि तिन्ही थर पक्के धरले जातात. मग मधल्या मोजक्या जागी, जिथे नजर जाते तिथे, हातानं टाके घालायचे. मजबुती मशिनची, चेहरा हाताचा. पाच महिन्यांचं काम महिन्यावर येतं. एकच नियम: मशीन आधी, हात नंतर. हातच्या नाजूक टाक्यांवरून मशिनचा फूट फिरवू नये.

दुसरी वाट मोठ्या टाक्याची. जाड सुती दोरा, म्हणजे ८ किंवा १२ नंबरचा पर्ल कॉटन, आणि इंचाला ४-५ टाके. दोरा ठळक दिसतो, सुई मोठी असल्यामुळे ओवायला सोपी, आणि काम साध्या हातशिलाईपेक्षा भराभर होतं. हातानं करायची हौस आहे पण डोळे आणि वेळ साथ देत नाहीत, त्यांनी आधी हे करून पाहावं. तिसरी वाट नुसत्या गाठी मारण्याची: दर चार-पाच इंचांवर जाड दोऱ्याची घट्ट गाठ. जाड, फुगीर भरणाला ती शोभतेही. भरण तेवढं अंतर सोसणारं आहे ना, एवढं पाहून घ्या.

मग कुणी काय निवडावं?

गोधडी वापरात झिजणार असेल, दोनपेक्षा जास्त करायच्या असतील, तारीख ठरलेली असेल किंवा हात दुखत असतील, तर मशीन. घरात साधं मशीन असेल तर नवं घेऊ नका, वॉकिंग फूट घ्या आणि त्याच्यावर तीन गोधड्या करा. तिसरीनंतर गळा खरंच अपुरा वाटला तरच मोठ्या मशिनकडे वळा. तेव्हा गळ्याची लांबी, दाते खाली जातात का, सुई खालीच थांबवायची सोय, वेग बांधता येतो का आणि सोबत रुंद टेबल मिळतं का, एवढं पाहा. शेकडो शोभेच्या टाक्यांचा गोधडीला उपयोग नाही. पलंगाएवढ्या गोधड्या वर्षाला एक-दोनच होत असतील, तर त्या लाँगआर्मवाल्याकडे द्या. लाँगआर्म स्वतः घेण्याचा विचार एखाद्याकडच्या फ्रेमवर काही तास काम करून पाहिल्याशिवाय करू नका.

गोधडी लहान असेल, एखाद्या माणसासाठी असेल, तिच्यातलं कापड कुणाच्या तरी जुन्या कपड्यांचं असेल आणि घाई नसेल, तर हातानं करा. माझ्या दोन हातच्या गोधड्यांपैकी एक आजीच्या साड्यांची आहे. तिच्यावर मशीन चालवायचा विचारही मनात आला नाही, आणि त्या पाच महिन्यांतला एकही तास मला परत नको आहे.

एवढं वाचूनही ठरत नसेल तर अठरा-अठरा इंचांचे दोन चौकोन घ्या. कापड तेच, भरण तेच, रेघांमधलं अंतर तेच. एक हातानं करा, एक मशिनवर, आणि दोन्हींची वेळ लिहून ठेवा. दोन्ही तीनदा धुवा, वाळवा, आणि एक मांडीवर, एक खांद्यावर घेऊन थोडा वेळ बसा. कोणता चौकोन जास्त मऊ आहे, कोणत्याच्या पाठीवर दोरा निसटलाय, कोणता करताना घड्याळाकडे जास्त वेळा पाहिलं, हे तिथेच कळतं. ते दोन्ही चौकोन मागाहून जोडले की उशीचा एक अभ्राही होतो.